तक्तेवाले गुरुजी

हिंगोलीत सायकल घ्यायची असेल तर दुकानात जावं. जी सायकल कधीच घ्यायची नाही तिची इत्थंभूत माहिती हवी असेल, तर मात्र आमच्या गुरुजींना गाठण्यावाचून इलाज नाही. गुरुजी भूगोल शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता बँकेत, तहसिलीत आणि हळदीच्या आडतीवर बसलेली असल्यामुळं गावात त्यांना कुठंही खुर्ची मिळते. खुर्ची मिळाली की ते मागं रेलतात, दोन्ही पाय समोर लांब करून टाचा हवेत फिरवायला लागतात आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारतात, "आता सांग, माझ्या मनगटावर भार आहे का?"

"नाही गुरुजी."

"मानेवर?"

"नाही."

"आणि बुडाखाली काही टोचायलंय?"

हे त्या बिचाऱ्याला कसं ठाऊक असणार! पण एकेकाळी छडी खाल्लेली असते, म्हणून तो "नाही" म्हणतो आणि रिकम्बंट सायकलीच्या बाजूनं आणखी एक मत पडतं.

रिकम्बंट म्हणजे पाठीला टेकून, पाय पुढं करून चालवायची सायकल. तिला अरुंद सीट नसते, खुर्ची असते. पायडल पुढच्या टोकाला असतात आणि हँडल कुणाचं छातीसमोर, कुणाचं मांड्यांच्या दोन बाजूंना. जर्मनीची एचपी वेलोटेक्निक, इंग्लंडची आईस, चेक देशातली अझुब, अमेरिकेतल्या कॅट्राइक आणि बॅकेटा, या सगळ्या कंपन्या गुरुजींना भावकीतल्या घरांसारख्या पाठ आहेत. कोण कुणापेक्षा किती किलोनं हलकी, कुणाची सीट किती अंश झुकते, कुठली घडी होते, सगळं तोंडावर. त्यांनी यातली एकही सायकल अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही. पण भूगोल शिकवताना त्यांनी ॲमेझॉन नदी तरी कुठं पाहिली होती?

पावसाळ्यात ७ जुलैला गुरुजी ओळखीच्या चार ठिकाणी पेढे देतात. नवख्याला वाटतं नातवाचा वाढदिवस असेल. १९३३ साली त्या तारखेला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर नावाच्या गड्यानं शार्ल मोशे याची झोपून चालवायची सायकल तासभर हाणली आणि ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलं. ऑस्कर एगचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरचा उच्चांक, एकोणीस वर्षं कुणाला न हललेला, त्यानं मोडला. फॉर काही पहिल्या फळीतला सायकलपटू नव्हता. त्यामुळं पहिल्या फळीचा जीव वर-खाली झाला आणि १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, ही चीज सायकलच नव्हे असं ठरवून शर्यतींतून बाद केली. हे सांगताना गुरुजींचा आवाज बदलतो. "निजामाच्या राज्यातून आपण १९४८ ला सुटलो," ते म्हणतात, "पण त्या बंदीतून अजून नाही." 'आपण' कोण हे विचारायची सोय नसते.

त्यापुढं वेग येतो. २०१६ साली अमेरिकेत नेवाडातल्या सपाट, सरळ रस्त्यावर टॉड रायकर्टनं बंदिस्त कवचाच्या रिकम्बंटमध्ये नुसत्या पायाच्या जोरावर ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. रेललेल्या माणसाला समोरचा वारा कमी अडवतो, सगळी मेख तेवढीच. हा आकडा ऐकून आडतीवरचा हमाल एकदा म्हणाला होता, "एवढ्या जोरात आपल्याकडं फक्त लाईट जाती गुरुजी."

पण गुरुजींचं खरं वैभव म्हणजे तक्ता. चार्टपेपरवर उभे-आडवे रकाने आखून त्यांनी तो ओसरीत लावलाय. सुरुवातीला रकाने तीनच होते: आराम, वेग आणि लांबचा पल्ला. आरामात तीनचाकी पहिली आली, कारण थांबल्यावर पाय टेकवायला नको. चौकात म्हशी आडव्या गेल्या तरी खुर्चीत बसून राहावं. वेगात मोठ्या चाकांची दुचाकी जिंकली, कारण ती हलकी. लांबच्या पल्ल्यात प्रकरण अडलं. ब्रेव्हे म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी. दोनशे किलोमीटरचा ब्रेव्हे साडेतेरा तासांत आणि सहाशेचा चाळीस तासांत पुरा करावा लागतो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची फेरी नव्वद तासांत संपवायची, आणि तिथं रिकम्बंटला मज्जाव नाही. तेव्हा हिंगोली, औंढा, वसमत, नांदेड आणि तिथून परत, मग दोनशेला जे कमी पडतील ते नर्सी नामदेवला जाऊन भरून काढायचे, असा मार्ग गुरुजींनी आखला. मार्ग झाला आणि त्यांच्या ध्यानात आलं की रकाने अपुरे आहेत.

चौथा रकाना चढाचा. औंढ्याकडं डोंगर आहेत, आणि रिकम्बंटवर पायडलवर उभं राहून अंगाचा भार टाकता येत नाही. बारीक गिअर टाकून मुकाट चढावं लागतं. इथं सगळ्या कंपन्यांना कमी गुण पडले. पाचवा रकाना खड्ड्याचा. साध्या सायकलला खड्डा चुकवायला एक वाट लागते, तीनचाकीला तीन. पुढची दोन वाचवली की मागचं जातं. सहावा कुत्र्याचा. साध्या सायकलीवर कुत्रं तुमच्या पोटरीकडं बघतं. बुटक्या तीनचाकीवर डोळ्याला डोळा. सातवा रकाना उसाचा, आणि तो मला सगळ्यात रास्त वाटतो. हंगामात वसमतच्या रस्त्यानं रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. मागं दिवा असेल तर नशीब. त्या डायव्हरला गुडघ्याएवढ्या उंचीवर रेललेला निवृत्त शिक्षक दिसावा ही अपेक्षा जरा जास्तच झाली. म्हणून तिकडचे लोक बांबूएवढ्या काठीला झेंडा लावतात. झेंड्याच्या रंगावरून आपल्याकडं काय काय होऊ शकतं याचा विचार करून गुरुजींनी आठवा रकाना पाडला.

आता रकाने बावीस आहेत आणि चार्टपेपरला चार्टपेपर चिकटवत तक्ता खिडकीपर्यंत गेलाय. मी म्हटलं, "गुरुजी, एवढं बारीक कशाला?" तर म्हणाले, "आपल्या औंढ्याजवळ लायगोची, गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू. प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक थरथर मोजणार. केंद्रानं २०२३ साली २,६०० कोटी मंजूर केलेत त्याला. मी सीटचा कोन अर्ध्या अंशापर्यंत मोजला तर तुमच्या पोटात का दुखायलंय?" मग खासगी आवाजात म्हणाले, "चार किलोमीटर सरळ अन् सपाट. रविवारी आत सोडतील का हो?"

गुरुजींच्या घरच्यांना, म्हणजे काकूंना, या प्रकरणाचा ताप एकदाच सोसावा लागला. रिकम्बंटचं माप पाठीपासून टाचेपर्यंत बसून घेतात. त्यासाठी गुरुजी भर दुपारी भिंतीला पाठ लावून, पाय ताणून, डोळे मिटून बसले होते. शेजारच्या पोरीनं पाहिलं आणि बोंब ठोकली. पाच मिनिटांत गल्ली गोळा झाली, कुणी कांदा फोडला. तेव्हापासून काकूंचं मत कायम झालंय. "यांना लोळूनच चालवायची आहे ना, मग बाजेला चाकं लावून द्या." शिवाय किंमत. चांगली तीनचाकी दोन-तीन लाखांच्या खाली सुरूच होत नाही, त्यावर जहाजभाडं आणि आयात कर. काकू तेवढ्या पैशात म्हशी मोजतात.

पंक्चरवाल्या मिस्त्रीचा आक्षेप धंद्याचा आहे.

"चेन केवढी असती गुरुजी?"

"साध्याच्या अडीच-तीनपट."

"मग उतरत असंल सारखी?"

"नळीतून जाते. सहसा उतरत नाही."

"मग माझ्या काय कामाची?"

एकदा बँकेतला एक तरुण कारकून खरोखरच गिऱ्हाईक म्हणून आला होता. पाठदुखीनं बेजार होता. गुरुजींनी त्याला आठवडाभर रोज संध्याकाळी ओसरीत बसवून लांब बांध्याची, आखूड बांध्याची, पुढं दोन चाकांची आणि ॲटोसारखी मागं दोन चाकांची असे सगळे प्रकार समजावले. आठवड्याच्या शेवटी त्यानं हप्त्यावर मोटारसायकल घेतली. पाठ अजून दुखते. गुरुजींनी मात्र 'गिऱ्हाइकाची चिकाटी' असा तेविसावा रकाना पाडायचं ठरवलंय.

एवढं सगळं सांगून झाल्यावर गुरुजी बाहेर येतात, भिंतीला टेकवलेली आपली बावीस इंची काळी ॲटलस काढतात, धोतराचा सोगा वर खोचतात आणि कॅरिअरला पिशवी अडकवून निघतात. कयाधूचा पूल, आडत, स्टेशन, कधी थेट नर्सी. सायकल त्यांनी नोकरी लागली तेव्हा घेतलेली. २०२० साली ३ जूनला, नेमकी जागतिक सायकलदिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तेव्हा ते दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. गावातल्या कुठल्याही तरुणापेक्षा ते जास्त सायकल चालवतात, आणि ती कशी आहे असं विचारलं तर म्हणतात, "तिचं काय, ती आहेच की." तक्त्यात तिचं नाव नाही. ती खुर्चीची नाही, वेगाची नाही, चढावर उतरून ढकलावी लागते. तुलनेला घ्यावं असं तिच्यात काहीच नाही, असं गुरुजींचं म्हणणं.

माझं मत विचाराल तर त्यांचा अभ्यास चोख आहे. तुमची मान-मनगटं कुरकुरत असतील, खिशात पैसे असतील आणि रस्ता बरा असेल तर पुढं दोन चाकांची तीनचाकी घ्या, सीट फार झुकवू नका, उंच झेंडा लावा, आणि उसाच्या हंगामात अंधार पडायच्या आत घरी या. यातला शब्द न् शब्द गुरुजींचाच आहे, फक्त 'घ्या' एवढं माझं. तरीही त्यांच्या तोंडून ऐकायचं असेल तर जेवून जा. ओसरीत चहा मिळतो, निकाल मिळत नाही.