वज्रीचा मुहूर्त

प्रादेशिक वस्तुसंग्रहालयाने शरदातला आपला हंगाम कसा आखावा, याबद्दल माझं मत कुणीही विचारलेलं नाही. ते तयार आहे. निमंत्रणपत्रिकेचा मजकूरही तयार आहे. त्यात अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, निवेदक वगैरे जागा मी मोठ्या मनाने रिकाम्या ठेवल्या आहेत. फक्त ‘संकल्पना’ या शब्दापुढे माझं नाव आहे. मानधनाची अपेक्षा नाही. शाल-श्रीफळाला दोनदा नको म्हणेन, तिसऱ्यांदा आग्रह झालाच तर यजमानांचं मन मोडणार नाही. तेव्हा पुढचं सगळं विवेचन निव्वळ लोकहितासाठी केलेलं आहे, हे वाचकांनी गृहीत धरावं.

डोळ्यांसमोर आहे ते पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय, आणि म्हणणं एकच आहे: ज्याच्याकडे असा संग्रह आहे त्याने हंगामाची ‘थीम’ शोधत बसू नये, भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवावं. घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत दीड महिना होतो. या दीड महिन्यात मराठी घरातली जवळजवळ प्रत्येक जुनी वस्तू एकेका तिथीला कामाला लागायची. खंडेनवमीला हत्यारं, कोजागिरीच्या जागरणाला सोंगट्यांचा पट, नरक चतुर्दशीला वज्री, लक्ष्मीपूजनाला वह्यांशेजारी दौत-बोरू आणि तिजोरीचं कुलूप, भाऊबीजेला निरांजन आणि करंडा, तुळशीच्या लग्नानंतर अडकित्ता, आणि शेवटी पौर्णिमेला दिवेच दिवे. हा कार्यक्रम पंचांगकर्त्यांनी आधीच छापून ठेवला आहे. संग्रहालयाने त्या त्या दिवशी ती ती वस्तू कोठीतून दालनात आणावी, एवढंच. (इतक्या सोप्या गोष्टीला ‘संकल्पना’ म्हणायचं का, असा प्रश्न काही कुत्सित लोक विचारतील. त्यांची नावं पत्रिकेत कुठेच नाहीत.)

युरोपात शरद हा प्रदर्शनांचा हंगाम झाला त्याला कारण आहे. उन्हाळ्यात समुद्रावर गेलेली मंडळी शहरात परततात, दिवस लहान होतात, बाहेर गार पडतं आणि चार भिंतींच्या आत काहीतरी बघावंसं वाटू लागतं. पॅरिसचं शरदातलं चित्रप्रदर्शन, ‘सालों दोतोन’, १९०३ साली सुरू झालं. आपल्याकडे मात्र हंगाम नक्कल करून आणायचा म्हटलं की माहितीपत्रकावर हमखास लालपिवळं मेपलचं पान येतं. पुण्यात पानगळ व्हायला माघ-फाल्गुन उजाडावा लागतो. ऑक्टोबरात इथे घाम गळतो. पण आपल्या शरदालाही स्वतःचं कारण आहे, आणि ते मेपलच्या पानाहून भक्कम आहे. चार महिन्यांच्या पावसात लाकूड फुगतं, कापडाला कुबट वास येतो, कागदावर बुरशी धरते, पितळेवर कळंक चढतो. आश्विनातलं ऊन पडलं की गाद्या गच्चीवर जातात, पैठण्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात. ज्या घरात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यांतल्या जेमतेम अडीच हजार मांडता येतात, त्या घराने तर हे करायलाच हवं. उरलेल्या वस्तूंनी किती दिवाळ्या पेटीत काढायच्या?

संग्रहालयशास्त्र शिकलेली मंडळी इथे भुवया उंचावतील. वस्तू वरचेवर हलवल्या की तुटतात, ती काही बाहेर काढून पुसायची चांदीची ताटं नव्हेत, असं त्यांचं म्हणणं असेल. म्हणणं खरं आहे आणि ते माझ्याच बाजूचं आहे. कापड आणि कागद यांना उजेड सोसत नाही. त्यांच्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये, असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. तो पाळूनही वर्षानुवर्षं काचेत राहिलेली चोळी फिकी पडतेच. म्हणजे पंधरा दिवस दालनात आणि वर्षभर विश्रांती हा क्रम वस्तूच्या प्रकृतीला मानवणारा आहे. दिवे मांडावेत, पेटवू नयेत. पितळेचा जुना रंग पितांबरीने घासून चकचकीत करू नये. दिवाळीच्या तोंडावर हा मोह किती अनावर होतो याची कल्पना कुठल्याही मराठी गृहिणीला आहे, म्हणून काचेला कुलूप हवं. उद्‌घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी समई मेणबत्तीने लावण्याची जी प्रथा आहे, ती निदान जिथे शेकडो दिवे बघत बसलेले असतात तिथे तरी बंद करावी. त्या दिव्यांना काय वाटत असेल?

आता वज्री. ही पितळेची, मुठीत मावणारी, पाय घासायची वस्तू. खालचा भाग कानशीसारखा खरबरीत, आडव्या-उभ्या चरांनी भरलेला. वर पकडायला मोर, पोपट, हत्ती, नाहीतर अंगाला वेढा घातलेली वेल. काही वज्र्यांना घुंगरं असतात किंवा त्या आतून पोकळ असून त्यांत खडा घातलेला असतो. म्हणजे टाच घासली की आवाज व्हायचा. आंघोळीच्या दगडाने जे काम झालं असतं त्यासाठी कुणा ओताऱ्याने मोराच्या मानेचा बाक साधला, पिसाऱ्यावर डोळे कोरले, आणि पोटात खडा ठेवून ते झाळून टाकलं. भेगाळलेल्या टाचेचा एवढा मान जगात दुसरीकडे कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही. आपल्या संग्रहालयांतल्या सर्वसाधारण रिवाजाप्रमाणे अशा वस्तूखाली पाटी असते: ‘वज्री. पितळ. १८-१९ वे शतक.’ ही पाटी वाचून परगावच्या माणसाने ते कागदावर ठेवायचं वजन समजलं तर त्याचा दोष नाही. तीच वज्री नरक चतुर्दशीच्या आठवड्यात, तेलाची वाटी, उटणं आणि तांब्याचा बंब यांच्या शेजारी ठेवा. पाटीवर एक ओळ पुरे. मोती साबणाच्या वासाने दिवाळी ओळखणाऱ्या पिढीलाही ती आपोआप कळेल.

आणि अडकित्ता. अडकित्त्याविषयी मला थोडं जास्त बोलायचं आहे आणि संपादकांनी शब्दमर्यादेची आठवण करून देऊ नये. माणसाने तयार केलेल्या हत्यारांत इतकं निरुपद्रवी आणि इतकं नटवं हत्यार दुसरं नाही. काम काय, तर एका टणक फळाची खांडं करायची. त्यासाठी लोखंडाचं एक पातं आणि दोन दांड्या एवढं बास झालं असतं. पण केळकरांनी जमवलेले अडकित्ते बघा: घोडे आहेत, पोपट आहेत, मोर आहेत, आणि एकमेकांना बिलगलेली युगुलंही आहेत; त्यांना बिलगणं भागच आहे, कारण दांड्या मिटल्याशिवाय सुपारी कातरत नाही. कारागिराला यंत्रशास्त्र आणि शृंगार यांचा असा एकाच खिळ्यात मेळ घालता आला, आणि तो खिळा बिजागरीचा होता! अडकित्ता हे बैठकीतलं बोलण्याचं साधन होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. समोरच्याला उत्तर द्यायचं नसेल तर सुपारी बारीक कातरत बसायचं. भाऊबंदकीच्या वाटाघाटीत पहिली कच्चकन येणारी कातर म्हणजे ‘ऐकून घेतलं’, आणि अडकित्ता पानाच्या तबकात परत ठेवला म्हणजे ‘उठा आता’. लग्न ठरलं की सुपारी फुटायची. अडचण आली की आपण अजूनही अडकित्त्यात सापडतो. आणि कुणाला कायमचा दूर करायचा असेल तर आजच्या गुन्हेगारी बातम्यांतही सुपारीच दिली जाते. एवढा कारभार ज्याच्या जिवावर चालायचा त्याची रोठा सुपारी श्रीवर्धनहून यायची, पानं आणखी कुठून, चुना-कात आणखी कुठून, आणि हे सगळं एका हाताच्या तळव्यावर भेटायचं. आज सुपारी पुडीत येते, कातरलेली, सुगंधी, आणि आरोग्याला घातक असल्याच्या इशाऱ्यासकट. ते बरंच झालं म्हणायचं. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे आणि त्याला अडकित्त्याच्या घोड्याचा इलाज नाही. पण बैठकीत उत्तर टाळायला माणसाच्या हातात आता मोबाईल उरला आहे आणि त्याला मोराचा आकार द्यायचं कुणाला सुचलेलं नाही.

मूळ मुद्द्यावर येतो. एक आक्षेप असा की, तिथीनुसार हंगाम आखला तर सार्वजनिक संग्रहालयाचा नवरात्राचा मांडव होईल. आक्षेप रास्त आहे, कारण आपल्याकडे कुठल्याही गोष्टीचा मांडव व्हायला दोन बांबू पुरतात. पण वस्तू तिथीला मांडणं वेगळं आणि तिची पूजा करणं वेगळं. विडा मशिदीच्या गल्लीतही तितकाच रंगतो आणि टाच कुणाचीही फुटते. पंचांग इथे वेळापत्रक म्हणून घ्यायचं आहे, तीर्थप्रसादासाठी नव्हे. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी: दिवाळीत पुणेकर पुण्यात असतातच कुठे? ते ताम्हिणी घाटात रांगेत असतात. पण जेवढे पुणेकर बाहेर जातात तेवढेच पाहुणे भाऊबीजेला पुण्यात येतात, आणि जेवण झाल्यावर त्यांना कुठे न्यायचं हा यजमानांपुढचा गंभीर प्रश्न असतो. तिसरा आक्षेप असा की, लोकांना फक्त मस्तानी महाल बघायचा असतो. बघू द्या. कोथरूडहून आणून इथे उभारलेल्या त्या महालाकडे लोक जातात कारण त्यांना मस्तानीची गोष्ट ठाऊक असते. याचा अर्थ लोकांना वस्तूंचं वावडं नाही, गोष्ट नसलेल्या वस्तूंचं आहे. अडकित्त्यालाही गोष्ट आहे, हे मी वर पुरेसं (संपादकांच्या मते पुरेशाहून जास्त) सिद्ध केलेलं आहे.

गोष्ट सांगायला माणसं दिल्लीहून बोलावायला नकोत. कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोके ऐकू येतात. व्याख्यानाला तिथला कारागीर बसवावा, हातोडी आणि ऐरण यांच्यासकट, आणि आभारप्रदर्शन रद्द करावं. दुसरे तज्ज्ञ याहून सहज मिळतात. दर दिवाळीला महाराष्ट्रात सोसायटीच्या दारोदारी मातीचे किल्ले उभे राहतात. त्यांना कुणाचं अनुदान नसतं. पोरं गोणपाटावर माती थापतात, हळीव पेरतात, बुरुज चढवतात आणि शेजारी उभं राहून, कुणी न विचारता, ‘हा चोर दरवाजा’ असं सांगतात. प्रमाण चुकलेलं असतं, महाराज तटबंदीपेक्षा उंच असतात, पण बघणाऱ्याला कळतं. संग्रहालयाच्या पाटीत जे नसतं ते सगळं त्या पोराच्या तोंडात असतं. त्यातली दहा-बारा पोरं हंगामापुरती दालनात उभी केली तर मला पत्रिकेतलं नाव गमवावं लागेल, अशी धास्ती वाटते.

पोरांवरून आठवतं की या संग्रहालयाच्या नावातला राजा संस्थानिक नव्हता. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याच्या दुकानावर बसणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे गृहस्थ होते. राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे सगळं उभं राहिलं. जुने वाडे, मोडीत निघालेली घरं, गावोगावचे बाजार यांतून केळकर दिवे, करंडे, दौती, कुलुपं, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करत राहिले. पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने होत्या. १९७५ साली त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. मूल गेलेल्या घरात माणसं वस्तू आवरून ठेवतात किंवा देऊन टाकतात. या दोघांनी साऱ्या मुलखाच्या घरांतल्या वस्तू आणून आपलं घर भरलं. आणि त्या वस्तू बहुतेक बायकांच्या हातच्या आहेत: किसणी, करंडा, फणी, वज्री. पाट्यांवर शतकं असतात, धातू असतात, प्रदेश असतात. जिची टाच त्या पितळेवर घासली गेली तिचं नाव कुठेच नसतं. ते आता मिळणारही नाही. पण निदान ती पहाटे किती वाजता उठायची, पाणी कुणी तापवायचं, आणि स्वतःच्या आंघोळीच्या आधी तिने घरातल्या किती जणांना तेल लावलेलं असायचं, एवढं तरी पाटीवर मावतं. ते लिहिताना आपण इतका कंजूषपणा का करतो, हे मला कळत नाही. आणि हे एक वाक्य विनोदाने लिहिलेलं नाही.

या हंगामाच्या आसपासच १४ नोव्हेंबर, म्हणजे बालदिन, येतो. त्या दिवशी संग्रहालयात मुलांना मोकळीक द्यावी, तिकीट न घेता, रांगेत न उभं करता, आणि भाषण न करता. राजाच्या नावाच्या घरात एक दिवस मुलांचा असावा, यासाठी कुठल्याही सल्लागाराची गरज नाही. ‘संकल्पना’ची ओळ त्या दिवशीच्या पत्रिकेतून खुशाल गाळा. बाकीच्या पत्रिकांमध्ये ती राहू द्या. माझ्या नावात वेलांटी दीर्घ आहे, तेवढी तपासून घ्या.

आणि वाचकांना एक विनंती. यंदा भाऊबीजेचे पाहुणे जेवून सुपारी मागू लागले की त्यांना बडीशेप द्या आणि बाजीराव रस्त्याने नातूबागेतल्या या संग्रहालयात घेऊन जा. मस्तानी महाल त्यांना आधी दाखवून टाका. तो पाहिल्याशिवाय त्यांचं दुसरीकडे लक्ष लागणार नाही. मग वज्र्यांपाशी थांबा, आणि पाटी वाचू नका. तुमच्या घरातल्या वयाने सर्वांत मोठ्या बाईला विचारा.