प्रश्न उद्भवत नाही

‘आमदारांनी अधिकाऱ्यांना झापले.’ विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या पानावर ही बातमी तयारच असते, फक्त आमदाराचं नाव भरायचं. हल्ली बातमीच्या आधी रील येते. लांबलचक टेबल, पाण्याच्या छोट्या बाटल्या, न उघडलेल्या फायली. आमदार भाऊ विचारतात, ‘रस्ता कधी होणार?’ बांधकामचा उपअभियंता उभा राहून सांगतो, ‘काम प्रगतिपथावर आहे, साहेब.’ भाऊंचा आवाज चढतो, बोट वर जातं, ‘घरी बसवीन’ वगैरे होतं. वर संगीत चढवलेलं, खाली वाघाचं चित्र.

या सगळ्यात सर्वांत सुखी माणूस कोण? तो उपअभियंता. त्याची पाच मिनिटं गेली आणि थोडा रंग उतरला, एवढंच. इस्टिमेट किती रुपयांचं होतं, एमबीवर, म्हणजे मोजमापाच्या वहीवर, सही कोणी केली, खडी न पडताच बिल कसं निघालं, यातलं काही कोणी विचारलं नाही. बैठकीच्या इतिवृत्तात ओळ पडते: ‘मा. आमदार महोदयांनी कामे गतीने पूर्ण करण्याच्या सूचना दिल्या.’ झापणं कागदावर उतरत नाही आणि जे कागदावर नाही त्याला सरकारी माणूस कशाला भ्यायचा? बाहेर आल्यावर तो ठेकेदाराला सांगतो, ‘झालं, आता वर्षभर काई नाई.’

झापण्याची वरची पायरीही आपल्याकडे होऊन गेली आहे. जुलै २०१९ मध्ये कणकवलीत आमदार नितेश राणे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी महामार्गाच्या उपअभियंत्यावर चिखल ओतला. चिखल सगळ्यांना आठवतो. मुंबई-गोवा महामार्ग पुढेही वर्षानुवर्षं रखडलेलाच राहिला. राणे मात्र पुढे मंत्री झाले, म्हणजे चिखलातून कुणाचं तरी काम मार्गी लागलं.

खरा प्रश्न कागदावर विचारतात. विधानसभेत त्याला तारांकित म्हणतात आणि त्याचा साचा ठरलेला असतो: अमुक गावातली पाणीपुरवठा योजना बंद आहे, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय? उत्तराचाही साचा ठरलेला. एक, हे खरे नाही. दोन आणि तीन, प्रश्न उद्भवत नाही. पहिली वीट काढली की भिंत आपोआप पडते. ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर समजावं की तालुक्यात एखाद्या कारकुनाला नोटीस जाणार आहे.

म्हणून जाणता आमदार ‘खरे आहे काय’ यावर थांबत नाही. तो निविदेची तारीख विचारतो, दिलेली रक्कम विचारतो, काम पाहून दाखला देणाऱ्याचं पदनाम विचारतो. असा प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला उतरला की कार्यालयातले दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात. रीलने असे दिवे जळाल्याचं ऐकिवात नाही.

आता वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे पाहा. लोकप्रतिनिधींच्या बाबतीत एवढा सुकाळ फार थोड्या गावांच्या नशिबी येतो. विधानसभेत भाजपचे सुमित वानखेडे. ज्यांचं तिकीट कापून त्यांना दिलं ते माजी आमदार दादाराव केचे मार्च २०२५ मध्ये विधान परिषदेवर बिनविरोध गेले. आणि आर्वीचेच माजी आमदार अमर काळे २०२४ पासून शरद पवारांच्या पक्षाचे वर्ध्याचे खासदार. म्हणजे २०२५ मध्ये खालचं सभागृह, वरचं सभागृह आणि दिल्ली, तिन्ही ठिकाणी आर्वीचा माणूस होता. गावाला जुन्या काळी तेलंगरावाची आर्वी म्हणत. त्या तेलंगरावावर हिंदूही हक्क सांगत आणि मुसलमानही, असं इंग्रजांच्या गॅझेटियरात नोंदलेलं आहे. आज तीच रीत विकासकामांच्या फलकांवर दिसते. मंजूर झालेल्या रस्त्याला दावेदार भरपूर, त्यातल्या खड्ड्याला कोणीच नाही.

वानखेडे यांच्याबाबत एक गोष्ट मान्य करावी लागेल. आमदार होण्याआधी ते देवेंद्र फडणवीसांचे विशेष कार्य अधिकारी होते. फाइल कुठे निजते आणि कोणाच्या फोनने उठते, हे अशा माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. नवखा आमदार तहसीलदाराच्या ‘वर पाठवलंय साहेब’ला फसतो, इथे तो खेळ चालणार नाही. पण अडचणही नेमकी इथेच आहे. ज्या सरकारला प्रश्न विचारायचा ते आपलं, मुख्यमंत्री आपले, पालकमंत्रीही आपलेच. मग विचारायचं कोणाला? उरतो तो गटविकास अधिकारी. सत्ताधारी आमदार मंत्र्याला जे विचारू शकत नाही ते तो गटविकास अधिकाऱ्याला विचारतो, आणि निधी वरूनच आला नाही हे त्या बिचाऱ्याला चारचौघांत सांगता येत नाही. दोघंही एकमेकांकडे पाहतात. कॅमेरा भाऊंकडे पाहतो.

खर्चाचा मोठा प्रश्न तालुक्याच्या टेबलावर येतच नाही. निम्न वर्धा धरण आर्वी तालुक्यातच, धनोडीजवळ. २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांचा खर्च काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेला. त्यात निम्न वर्ध्याचा आकडा साडेनऊशे कोटींच्या आसपास होता, तो २,३५६ कोटींच्या घरात गेला. त्या वर्षी आर्वीच्या शाखा अभियंत्याला कितीही झापलं असतं, तरी त्याने काय उत्तर दिलं असतं? सही नागपुरात, मान्यता मुंबईत. याच्या वाट्याला फक्त कालव्यातलं गवत.

आणि गंमत पाहा, सिंचनाच्या या हिशेबावरचा सर्वांत अडचणीचा प्रश्न आमदाराने विचारलाच नव्हता. तो विचारला एका अधिकाऱ्याने. नाशिकच्या ‘मेरी’ या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचनातल्या गैरव्यवहारांवर पत्र लिहिलं आणि त्या सप्टेंबरात पूर्वी जलसंपदा मंत्री राहिलेल्या अजित पवारांना उपमुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. डिसेंबरात ते परतले. पुढच्या वर्षी फडणवीस आणि विनोद तावडे सिंचनाची चौकशी करणाऱ्या चितळे समितीकडे बैलगाडीभर पुरावे घेऊन गेले. २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नागपूर खंडपीठात शपथपत्र देऊन अजितदादांवर ठपका नसल्याचं सांगितलं. जुलै २०२३ मध्ये पुरावे देणारे आणि ज्यांच्याविरुद्ध दिले ते, दोघेही एकाच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री. बैलगाडीचं पुढे काय झालं, हा प्रश्न उद्भवत नाही.

सरकारी खर्च तपासायला विधिमंडळाच्या खास समित्याही आहेत. त्यातली अंदाज समिती मे २०२५ मध्ये धुळ्याला गेली होती. अर्जुन खोतकर अध्यक्ष. समिती जिल्ह्यात असतानाच शासकीय विश्रामगृहाच्या १०२ नंबरच्या खोलीत १ कोटी ८४ लाखांच्या आसपास रोकड सापडली. माजी आमदार अनिल गोटे त्या खोलीबाहेर ठाण मांडून बसले म्हणून ती सापडली, नाहीतर अंदाजच राहिला असता. खोली अध्यक्षांच्या स्वीय सहायकाच्या नावावर होती. पैशांशी आपला संबंध नाही, असं खोतकरांनी सांगितलं. विशेष पथक नेमलं गेलं. खर्चाबद्दल विचारायला येणाऱ्यांचा पाहुणचार जिल्ह्याला केवढ्यात पडतो, हे एखाद्या समितीने एकदा तपासायला हरकत नाही.

तर मग आर्वीकराने करायचं काय? रेल्वेचं विचारावं तर तो विषय विधानसभेचा नाही. पुलगाव-आर्वी ही पस्तीस किलोमीटरची छोटी लाइन १९१७ ची, इंग्रज कंपनीने कापसासाठी टाकलेली. ती ब्रॉडगेज करण्याचा प्रश्न खासदारांनी दिल्लीत विचारायचा आणि खासदार पडले विरोधी बाकावरचे. तिथून उत्तर येतं ते ‘परीक्षण सुरू आहे’ याच चालीवरचं. आमदारांना आठवण करून द्यावी तर ते पाच कोटींच्या स्थानिक विकास निधीतून सभामंडप देतात. सभामंडप द्यायला सोपा. त्याला रूळ लागत नाहीत.

तरी एक जागा आहे आणि ती आर्वीतच आहे. पंचायत समितीची आमसभा. अध्यक्षस्थानी आमदार, व्यासपीठावर वीज, पाणी, बांधकाम, कृषी, भूमी अभिलेख अशी सगळी खाती आणि समोर माइक घेतलेला माणूस. वर्षातून एकदा ती घ्यावी, अशी अपेक्षा आहे. राज्यात कित्येक तालुक्यांत वर्षंच्या वर्षं ती होत नाही. झालीच तर अर्ध्या खुर्च्यांवर ‘प्रतिनिधी’ बसलेले असतात. विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘सायेब व्हीसीत हायेत.’ पूर्वी साहेब दौऱ्यावर असत, आता दौराही पडद्यावर आला आहे.

पण आमसभेत एक वेळ अशी येते की तेव्हा झापून भागत नाही. विषयपत्रिकेवर पहिला विषय असतो मागच्या आमसभेचं इतिवृत्त आणि त्यातल्या ठरावांवर काय केलं याचा अनुपालन अहवाल. तो ‘वाचला असे समजण्यात यावे’ म्हणून दहा सेकंदांत उरकतात आणि थेट सत्काराकडे वळतात. या वेळी कोणीतरी उठून, शाल-श्रीफळ बाजूला ठेवायला सांगून, तो पहिल्या पानापासून वाचायला लावावा. माइकवर, खात्याचं नाव घेऊन. रील त्याचीही काढता येते.