बॅकग्राऊंडला देश

आमच्या चौकात मागं एक फ्लेक्स लागला. मजकूर चारच शब्दांचा : ‘आधी देश, मग पक्ष’. कारण अर्थातच महागाई. म्हणजे महागाईच्या काळात कोणी राजकारण करू नये, असं आमच्या प्रभागातल्या भाऊंचं मत होतं आणि ते त्यांनी वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर मांडलं होतं.

भाऊ स्वतः वरपासून खालपर्यंत. हात जोडलेले, डोळ्यांवर गॉगल. वरच्या पट्टीत पक्षाचे नेते, पासपोर्ट साइजमध्ये, ज्येष्ठतेनुसार. खाली शुभेच्छुकांची साठ-सत्तर डोकी. शिडीवर चढून सुतळी बांधणाऱ्या पोराला मी विचारलं, “अरे, यात देश कुठाय?” त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “आहे की काका, बॅकग्राऊंडला.”

खरंच होता. भाऊंच्या डाव्या कानामागून काश्मीर डोकावत होतं आणि कोपराखाली थोडा तमिळनाडू. महाराष्ट्र पोटामागे गेला होता.

‘आधी देश’ हे मी आजवर दोनच प्रकारच्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. सत्तेत असलेले ते विरोधकांना ऐकवतात. आणि तिकीट कापलं गेलेले पत्रकार परिषदेत ऐकवतात, दुसऱ्या पक्षात जायच्या अर्धा तास आधी. यातल्या दुसऱ्या प्रकाराला मी पूर्वी हसायचो. पण १९९१ आठवलं की हसू जरा आवरतं घ्यावं लागतं. त्या वर्षी हा देश वाचवला तो ज्यांच्या खिशात तिकीट नव्हतं अशाच माणसांनी.

आधी तिकीटवाल्यांचा पराक्रम सांगतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळलं, तेल भडकलं. आखातातले आपले लाखाहून अधिक लोक विमानांनी परत आणावे लागले, त्यात कोकणातले कितीतरी, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मनीऑर्डरीही बंद झाल्या. दिल्लीत पंतप्रधान होते चंद्रशेखर. स्वतःचे साठेक खासदार आणि काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा. भाड्याच्या घरात राहून सोसायटीचं चेअरमनपद चालवण्यासारखं ते सरकार. फेब्रुवारीत अर्थसंकल्प मांडायचा, तर काँग्रेस मांडू देईना. मार्चच्या पहिल्या आठवड्यात यशवंत सिन्हांनी नुसतं हंगामी काहीतरी मांडलं आणि दोनच दिवसांत सरकार गेलं. कशावरून? राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवताना सापडले, यावरून. तिजोरीत खडखडाट, जगात कोणी उधार देईना, आणि राष्ट्रीय प्रश्न काय, तर दोन हवालदार तिथं काय करत होते! निवडणुका लागल्या. प्रचार सुरू झाला.

म्हणजे मे महिन्यात देशाचं दिवाळं निघायची वेळ आली तेव्हा निर्णय कोणी घ्यायचा होता? राजीनामा दिलेल्या, काळजीवाहू सरकारनं. ज्याला पुन्हा निवडून यायची काडीची आशा नव्हती, त्यानं. आणि त्या सरकारनं तो घेतला. २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला, पुन्हा विकत घ्यायच्या बोलीवर, विकलं. हे सोनं सरकारकडे आलं कुठून, तर ते स्मगलरांकडून जप्त केलेलं. दुबईहून निघालेलं, आपल्याच किनाऱ्यावर रात्री उतरवताना कस्टमवाल्यांनी पकडलेलं कितीतरी त्यात असणार. तेव्हा देशाच्या अडचणीत सोन्याचा पहिला हप्ता कोणी भरला, याचं खरं उत्तर कुठल्याही पक्षाला आवडणारं नाही.

गहाणाची आपली एक रीत असते. पाटल्या ठेवायच्या तर माणूस गल्लीतल्या सराफाकडे जात नाही. दोन स्टेशनं पुढं जातो, छत्री आडवी धरतो आणि घरी विचारलं तर “पॉलिशला दिल्यात” म्हणतो. रिझर्व्ह बँकेनंही तेच केलं. जुलैमध्ये, तोवर नवं सरकार आलं होतं, ४७ टन सोनं मुंबईतल्या तिजोरीतून निघालं. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे ठेवून चाळीसेक कोटी डॉलर मिळणार होते. सगळं गुपचूप. आणि सहार विमानतळाच्या वाटेवर सोन्याच्या एका गाडीचा टायर फुटला म्हणतात. मुंबईच्या रस्त्यावर, भर रहदारीत, देशाची इभ्रत स्टेपनीची वाट बघत उभी. बातमी अर्थातच फुटली. गल्लीतल्या सगळ्यांना कळलं की पाटल्या पॉलिशला गेलेल्या नाहीत.

आता तिकीट नसलेला दुसरा माणूस. नरसिंह राव १९८४ आणि ८९ ला आपल्या रामटेकमधून खासदार. मराठी उत्तम, इतकी की ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा तेलुगू अनुवाद त्यांनी केला. १९९१ ला ते उभेच राहिले नव्हते. पुस्तकांची खोकी बांधून हैदराबादला निघायच्या बेतात होते. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि बरोबर महिन्यानं हे गृहस्थ पंतप्रधान. बहुमत नाही, स्वतः खासदारही नाहीत. अर्थमंत्री आणले मनमोहन सिंग, जे कधी वॉर्डातलीसुद्धा निवडणूक लढले नव्हते.

१ आणि ३ जुलैला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं, वीसेक टक्क्यांच्या घरात. पहिल्या टप्प्यानंतर रावांना घाम फुटला. दुसरा थांबवा म्हणाले. अर्थमंत्र्यांनी रिझर्व्ह बँकेत रंगराजन यांना फोन केला, तर त्यांनी सकाळीच उरकून टाकलं होतं. देश कधीकधी यामुळेही वाचतो, की कारकुनी वेळेवर झालेली असते. त्याच सुमाराला मनमोहन सिंगांनी एक हिशेब केला, असं तेव्हा पंतप्रधानांच्या कार्यालयात असलेले सांगतात. जिनिव्हात नोकरी असताना साठलेले त्यांचे थोडे डॉलर होते. रुपया पडल्यानं रुपयांत त्यांची किंमत आपोआप वाढली. वाढलेला फरक त्यांनी पंतप्रधानांच्या मदतनिधीत भरून टाकला. रुपया पाडणारा मीच, मग फायदा मी कसा ठेवू? हा प्रश्न पडणारा माणूस आमच्या प्रभागात उभा राहिला, तर अनामत रक्कम जप्त होईल.

२४ जुलैला अर्थसंकल्प आला. पेट्रोल वाढलं, गॅस वाढला, खतं ४० टक्क्यांनी महागली. गदारोळ कोणी केला? विरोधकांनी केलाच, त्यांचं ते कामच. डावे म्हणाले, नाणेनिधीला देश विकला. पण खतांवरून खरा फणा काढला तो काँग्रेसच्याच खासदारांनी. शेतकऱ्यांना तोंड कसं दाखवायचं, म्हणाले. दोन आठवड्यांत ४० चे ३० झाले आणि छोट्या शेतकऱ्याला वाढीतून वगळलं. यात खासदारांचं अगदीच चुकलं असंही मी म्हणणार नाही. मतदारसंघ हाही देशाचाच तुकडा असतो. पण सोनं विमानात चढलं तेव्हा गप्प बसलेली मंडळी युरियाच्या पोत्यावरून उठली, एवढं नोंदवून ठेवतो.

पक्ष बाजूला ठेवल्याचं एक उदाहरण मात्र विरोधकांच्या खात्यावर टाकायला हवं. रावांना लोकसभेत जायला नंद्यालची पोटनिवडणूक लढवावी लागली. एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसमचा उमेदवारच दिला नाही. एका तेलुगू माणसाला पंतप्रधानपद मिळालंय, त्याला पाडायचं नाही. यात देश किती आणि आंध्र किती, हे तोलत बसू नका. मिळतंय ते घ्या.

एरवीचा आपला रिवाज सोपा आहे. खुर्ची बदलली की मत बदलतं. पेट्रोलच्या दरवाढीविरुद्ध १९७३ मध्ये वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. तेव्हापासून ती बैलगाडी कुठल्याही एका पक्षाच्या मालकीची राहिलेली नाही, जो विरोधात जाईल त्याला ती मिळते. जीएसटीचं पाहा. काँग्रेसनं विधेयक आणलं तेव्हा भाजपची राज्यं आडवी. भाजपनं ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेत सोहळा केला तेव्हा काँग्रेसचा बहिष्कार. कर तोच, घंटा तीच, फक्त रुसवेफुगवे इकडून तिकडं. आणि आपला महाराष्ट्र काही मागं नाही. २००४ ला निवडणुकीआधी शेतकऱ्यांना वीज फुकट झाली, आणि सत्ता परत मिळाल्यावर वर्षभरात ती पुन्हा बिलासकट आली. देश आणि पक्ष दोघांनाही शॉक न देणारी ती एकमेव वीज; तो शेतकऱ्यालाच बसला.

रावांचं पुढं काय झालं ते सांगतो. गहाण सोनं त्याच वर्षाअखेर सुटलं. गंगाजळी भरली. १९९६ ला पक्ष हरला आणि १९९८ ला रावांना तिकीट मिळालं नाही. म्हणजे जिथून निघाले तिथंच परत. २३ डिसेंबर २००४ ला ते गेले. पार्थिव काँग्रेस मुख्यालयाच्या फाटकाबाहेर थांबलं. फाटक उघडलं नाही. अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. भारतरत्न जाहीर झालं ते २०२४ च्या फेब्रुवारीत, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, आणि देणारं सरकार दुसऱ्या पक्षाचं. जन्मभर ज्या पक्षात होते त्यानं फाटक लावलं, आणि ज्या पक्षानं त्यांच्या सरकारविरुद्ध मतं टाकली त्यानं हार घातला. आपट्यांच्या कादंबरीचं नाव त्या अनुवादकाला इतकं लागू पडेल, हे आपट्यांनाही वाटलं नसतं.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस बातमी आली, रिझर्व्ह बँकेनं इंग्लंडमधलं १०० टन सोनं मायदेशी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स. तोच पोरगा शिडीवर, तीच सुतळी. भाऊ वरपासून खालपर्यंत, तोच गॉगल. बॅकग्राऊंडला या वेळी सोन्याच्या विटा होत्या.