सायकलवैद्य

पुण्यात रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून ठेवली की सायकलवैद्याला ते कुठून कळतं, देव जाणे. पण तो येतो. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, पायात झिजलेल्या चपला. "उलटी कशाला केलीत? घंटी चेपली ना!" हे त्याचं पहिलं वाक्य. "कॉटर पिन बघितलीत का?" हे दुसरं. सायकलला मुळात झालंय काय, हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर येतो, आणि त्याचंही उत्तर तो स्वतःच देतो.

सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत दर दोन गल्ल्यांमागे हा प्राणी आढळतो. सांगली-मिरजेकडेही त्याची चांगली पैदास आहे. वय साठीच्या पुढे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला असेल तर त्यातल्या त्यात मवाळ असतो. कारण यंत्र आपलं ऐकत नाही, हे त्याने आयुष्यभर अनुभवलेलं असतं. बँकेतून निवृत्त झालेला मात्र फार कडवा. त्याने सायकल उभ्या जन्मात उघडलेली नसते, फक्त उघडताना पाहिलेली असते, आणि पाहणाऱ्याचा आत्मविश्वास करणाऱ्यापेक्षा नेहमीच दोन बोटं वर असतो.

त्याचं ज्ञान मात्र खोटं नाही, हे आधीच सांगितलं पाहिजे. तो वाढला त्या पुण्यात सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा आणि डबलसीट दिसलं की हवा सोडायचा. घरात एक सायकल आणि चालवणारे पाच, त्यामुळे बिघाड कुणी केला यावर आधी भांडण आणि मग दुरुस्ती, हा क्रम ठरलेला. माणसांच्या जशा जाती तशा सायकलींच्याही होत्या. मद्रासला 1949 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची हर्क्युलिस, 1951 ची सोनीपतची अ‍ॅटलास, 1956 ची लुधियान्याची हिरो, आणि आसनसोलच्या सेन-रॅलेचं नाव काढलं की आवाज खाली आणायचा. वैद्य अर्थातच रॅलेवाला. बाकीच्यांना तो "चालते" एवढंच म्हणतो. तरीही 3 जून 2020 ला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्याने दोन दिवस कुणालाच सल्ला दिला नाही. गल्लीत लोकांना वाटलं, काकांना बरं नाही.

त्याचं खरं अंग आवाजाचं. सायकल शंभर फुटांवर असतानाच तो कान टवकारतो. कॉलेजला निघालेली एखादी मुलगी भावाची जुनी सायकल दामटत येत असते आणि सायकल टक-टक करत असते. झालं, वैद्य रस्त्याच्या मधोमध.

"अगं, थांब जरा. हा टक पेडलच्या फेऱ्याला येतो की चाकाच्या?"

"काका, मी मोजला नाही हो."

"मोजायला नको? पेडल मारणं थांबव आणि सायकल नुसती सोड. थांबला ना आवाज? मग चाकात नाही. आता सीटवरून उठून उभ्याने मार. अजून येतोय? म्हणजे सीटमध्येही नाही."

यातलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. पेडल थांबवल्यावर आवाज चालू राहिला तर दोष चाकात, हबमध्ये किंवा मडगार्डमध्ये. थांबला तर पेडल, क्रँक, मधला अ‍ॅक्सल किंवा चेन. पेडलच्या दर फेऱ्याला नेमका एकदा आला तर चेन सहसा निर्दोष सुटते, कारण एका फेऱ्यात सगळी चेन फिरून येत नाही. उभं राहिल्यावर गेला तर सीट किंवा सीटखालची नळी. ही चाळण कुठल्याही सायकलला लागू पडते, दोन हजारांच्या आणि दोन लाखांच्याही.

मुलीने गल्लीत तीन चकरा मारल्या, पहिलं लेक्चर बुडालं, आणि वैद्याने निकाल दिला: डावी कॉटर पिन. पिन बाहेर काढायची, तिचा सपाट भाग कानशीने जरा घासायचा, परत बसवायची आणि ठोकताना क्रँकखाली जड लोखंडाचा टेकू द्यायचा. टेकू नसेल तर हातोड्याचा मार थेट छर्‍यांवर जातो आणि कपाला खळ्या पडतात. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसल्या पाहिजेत, नाहीतर दोन पेडलं एका रेषेत येत नाहीत. हेही सगळं बरोबर. एवढ्यात झाडाखालचा पंक्चरवाला उठून आला. त्याने सायकलकडे बघितलं, वाकडा होऊन डाव्या क्रँकला लागणारा साइड स्टँड पायाने दाबून सरळ केला आणि परत जाऊन बसला.

मुलगी गेली. "स्टँडही असू शकतो, मी म्हणणारच होतो," वैद्य म्हणाला.

वैद्यात आणि पंक्चरवाल्यात फरक आहे तो इथे. ज्ञान दोघांकडे आहे. पण पंक्चरवाला फुकटात सुटणाऱ्या कारणापासून सुरुवात करतो आणि वैद्य सगळ्यात रंगतदार कारणापासून. रोग जितका आत, तितकी वैद्याची तब्येत खुलते. चाकातली हवा जाते म्हटल्यावर तो थेट रिमच्या पट्टीपर्यंत पोचतो. पंक्चरवाला बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवतो, बुडबुडा आला की आतली सडलेली व्हॉल्व्ह ट्यूब काढतो, रबराचा नवा तुकडा चढवतो आणि पंप हातात देतो. ट्यूब बाहेर काढावीच लागत नाही.

काढावीच लागली, तर मात्र वैद्याचं ऐकावं. भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला असेल तर गुन्हेगार टायरमधून आलेला आहे: काच, खिळा, बाभळीचा काटा. रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या तारेचं टोक वर आलंय. आणि शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा असतील, तर काटाबिटा काही नाही; हवा कमी असताना सायकल खड्ड्यात घातली आणि रिमने ट्यूब चिमटली. हे न बघता नुसतं ठिगळ लावणारा माणूस आठवड्याने त्याच झाडाखाली परत दिसतो. ठिगळ लावल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, हे तर सांगून सांगून वैद्याचा घसा बसलाय.

सोल्यूशन वाळण्यावरून वैद्याची आणि पंक्चरवाल्याची जुनी तेढ आहे. वैद्याचं म्हणणं, घासपेपरने घासून, सोल्यूशन पातळ लावून, ते ओलं दिसेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच ठिगळ दाबायचं. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ कडेने सुटतं. पंक्चरवाला फुंकर मारतो आणि चिकटवतो. पुस्तकाप्रमाणे वैद्य बरोबर. पण पंक्चरवाल्यापुढे चार गिऱ्हाइकं उभी आहेत आणि वैद्यापुढे सगळी सकाळ मोकळी आहे, ही गोष्ट पुस्तकात नाही.

हवेच्या टायरचा विषय निघाला की वैद्य बेलफास्टला जातो. तिथे 1887 मध्ये जॉन बॉयड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला. डनलॉप पेशाने गुरांचा डॉक्टर होता, हे सांगताना वैद्याची मान ताठ होते. बाहेरच्या माणसाने सायकलमध्ये लक्ष घालू नये, असं म्हणणाऱ्या सुनेला त्याने हे उदाहरण अनेकदा ऐकवलं आहे.

पण त्याचा खरा सण डाव्या पेडलचा.

कुणीतरी पेडल बदलायला बसतो. उजवं सुटतं. डावं सुटत नाही. तो पाना लावतो, पक्कड लावतो, शेवटी पान्यावर उभा राहतो. वैद्य हे सगळं बराच वेळ नुसता बघतो. आयुष्यात तेवढीच वेळ तो गप्प राहिलेला असतो. मग हळूच म्हणतो, "आणखी जोर लावा. घट्ट होतंय." डाव्या पेडलला उलटे आटे असतात. पाय दाबताना दाबाची दिशा क्रँकच्या मानाने सतत फिरत राहते आणि आट्यांमधल्या इवल्याशा फटीमुळे पेडलचा दांडा कणाकणाने सरकतो. डावीकडे सरळ आटे ठेवले, तर चालवता चालवताच पेडल गळून पडेल. लक्षात ठेवायची खूण सोपी: कुठल्याही बाजूचं पेडल असो, पान्याचा वरचा भाग पुढच्या चाकाकडे ढकलला की घट्ट, मागच्या चाकाकडे ढकलला की सैल.

इथून तो राईट बंधूंवर येतोच. विमानाआधी त्यांचं डेटनला सायकलचं दुकान होतं आणि न सुटणारी पेडलं म्हणून याच युक्तीची जाहिरात त्यांनी 1900 मध्ये केली होती. 1903 च्या त्यांच्या विमानाचे पंखेही चेन आणि दातेरी चक्रांवर फिरत. त्यामुळे विमान हा वैद्याच्या लेखी सायकलचाच एक उपप्रकार आहे. तोवर पेडलवाला मागच्या बाजूला पाना ढकलून मोकळा झालेला असतो.

चेन मोजायची पोलादी पट्टी वैद्याच्या खिशात कायम. सायकलच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच. त्याच 24 कड्या 12 इंच आणि वर इंचाचा आठवा भाग इतक्या भरल्या तर चेन गेली आणि बहुतेक वेळा दातेही घेऊन गेली. मग नुसती नवी चेन टाकून भागत नाही, ती जुन्या दात्यांवर उड्या मारते. कारखान्यातला वैद्य हे मोजून सांगतो. बँकेतला नजरेनेच सांगतो आणि व्याजासकट सांगतो.

तेलाच्या बाबतीत मात्र त्याच्यावर विसंबू नये. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल आणि अलीकडे मुलाने अमेरिकेहून आणलेला डब्ल्यूडी-40 चा डबा, या तिन्हींवर त्याची सारखीच श्रद्धा. डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये सॅन दिएगोत पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलं गेलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात 40. ते वापरलं गेलं अ‍ॅटलास नावाच्या क्षेपणास्त्रावर. वैद्याने यातला फक्त "अ‍ॅटलास" हा शब्द ऐकला आणि ते सायकलसाठीच आहे अशी खूणगाठ बांधली. गंजलेला नट सोडवायला ते उत्तम. चेनला रोजचं तेल म्हणून लावलं तर लवकर उडून जातं आणि चेन परत कुईकुई करते.

यातूनच मागच्या पावसाळ्यात तो अनर्थ घडला. सोसायटीतल्या एका मुलाच्या नव्या सायकलचा डिस्क ब्रेक किंचाळत होता. किंचाळतंय म्हणजे कोरडं, कोरडं म्हणजे तेल! वैद्याने डिस्कवर दोन्ही बाजूंनी फवारा मारला. आवाज तत्काळ बंद झाला. ब्रेकही तत्काळ बंद झाला. मुलगा उतारावरून थेट मेंदीच्या कुंपणात शिरून थांबला. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण तेल प्यायलेले ब्रेक पॅड फेकावे लागले आणि डिस्क स्पिरिटने पुसावी लागली. वैद्याने पॅडचे पैसे भरले आणि वर सांगितलं, "आमच्या वेळी ब्रेक रिमला असायचे. दिसायचे तरी."

तेव्हापासून तो गिअरच्या सायकलींच्या एका दुकानात जाऊन बसायला लागला आहे. दुकानातला पोरगा पंचविशीचा, कमरेला एप्रन, हातात किती जोर लावला ते आकड्यात दाखवणारा पाना. वैद्याने पहिल्याच दिवशी कॉटर पिन विचारली. पोरगा म्हणाला, "काका, ती आता नसते." त्यानंतर वैद्य पंधरा मिनिटं स्टुलावर निमूट बसून राहिला.

मग एकदा कार्बनची एक महागडी सायकल आली. पेडल मारताना कुईं. पोराने मधला अ‍ॅक्सल काढून साफ करून बसवला, क्रँक बदलून बघितला, पेडलं बदलली. कुईं तशीच. मालकाचा सारखा फोन.

"उभं राहून मारलीस का रे?" वैद्याने स्टुलावरूनच विचारलं.

पोरगा उभ्याने एक चक्कर मारून आला. आवाज नाही. सीटखालची नळी! वैद्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला कॉटर पिन गेल्याची भरपाई म्हणावी लागेल. "काढ ती नळी, पुसून घे आणि ग्रीस लाव," त्याने फर्मावलं.

"ग्रीस नाही चालत काका. कार्बनच्या नळीला ग्रीस लावलं तर ती घसरते. तिला खरखरीत पेस्ट असते."

"ग्रीस नाही?"

"अजिबात नाही."

वैद्याने हे दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो चौकात दूधवाल्याला अडवून सांगत होता, की सीटच्या नळीला ग्रीस लावणं ही जुन्या लोकांची अंधश्रद्धा आहे. दूधवाल्याची हर्क्युलिस लोखंडी होती, आणि ग्रीस न लावल्यामुळे तिची नळी दोन पावसाळ्यांपूर्वीच गंजून जागच्या जागी बसली होती. "हलते का बघू," म्हणून वैद्याने छत्री कॅनला अडकवली आणि सीट दोन्ही हातांनी धरली.