बापाची चढाई

पेण आणि रोहा तालुक्यांत मुलांच्या कबड्डी संघांवर पक्षपाताचा आरोप करणारे लोक फार उतावळे असतात. प्रशिक्षक हा खेळाडूचा बाप असला, तरी तटस्थपणाची केवढी काळजी घेतली जाते हे त्यांना दिसतच नाही. मैदानात पाऊल टाकलं की चिरंजीव वडिलांना 'पप्पा' म्हणत नाहीत, 'सर' म्हणतात. आणखी काय हवं? शिवाय घरातल्या घरात संघ चालवायची ही रीत वरूनच झिरपत आलेली. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाची सूत्रं जनार्दनसिंह गहलोत यांच्याकडे 28 वर्षं होती. पुढे ते आजीव अध्यक्ष झाले आणि अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी आल्या. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही नेमणुका रद्द ठरवल्या, पण कायदेवाल्यांना घरगुती जिव्हाळा काय कळणार! देशाची कबड्डी एका घरात मावत होती, तर खाडीकाठच्या एखाद्या मंडळाचा किशोर संघ एका ओटीवर मावला म्हणून बिघडलं कुठे?

तक्रार करणाऱ्यांची मुख्य चूक अशी की ते बारा जणांच्या यादीकडे बघत बसतात. यादीत नाव सगळ्यांचंच घालता येतं. खरी वाटणी चढायांची असते. किशोर गटाचा सामना 15-15 मिनिटांचा, चढाई 30 सेकंदांची. हिशेबाला धरू की एका संघाच्या वाट्याला 30 चढाया आल्या. समजा, त्यातल्या 18 सरांच्या चिरंजीवांनी केल्या आणि 6 गुण आणले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या पोराला 4 मिळाल्या, त्याने 3 आणले. दुसऱ्या दिवशी बातमीत काय येईल? चिरंजीव 6, तो 3. पुढच्या निवड चाचणीत हेच कात्रण पुरावा म्हणून पुढे येतं: बघा, गुण कोणाचे जास्त! आधी ताट वाढायचं आणि मग म्हणायचं, बघा, जेवला कोण जास्त. बारकाईने बघणाऱ्याला याहून नाजूक कलाकुसर दिसते. दोन चढाया चिरंजीव निदान रेषा ओलांडून, हात हलवून, सुखरूप परत येतात. दोन्ही रिकाम्या. तिसरी 'करो या मरो'. तेव्हा सर बाहेरून त्या कोपऱ्यातल्या पोराला खूण करतात. तो गेला, पकडला गेला, बाकावर येऊन बसला. गुणलेखकाच्या कागदावर चिरंजीवांच्या नावापुढे डाग नाही.

आता आक्षेप ऐकू. पहिला आक्षेप खराच आहे: हा बाप नसता तर संघच नसता. भातकापणी झाल्यावर शेताचे बांध सपाट करायचे, पाणी मारायचं, फक्की ओढायची, हॅलोजन टांगायचे, पोरांना टेम्पोत घालून कोलाडला न्यायचं आणि रात्री दोनला घरोघर सोडायचं, हे काम पगारी माणूस करत नाही. त्याचा सत्कार करा, शाल द्या, बॅनरवर मोठा फोटो छापा. पण टेम्पोचं डिझेल ज्याने भरलं त्यानेच चढाया वाटायच्या, हा नियम खेळाच्या पुस्तकात नाही. अमेरिका-कॅनडात मुलांचे बर्फावरच्या हॉकीचे संघ असेच पालकांच्या जिवावर चालतात आणि तिथेही कुरकुर हीच ऐकू येते, तेव्हा हा काही आपल्या मातीचा दोष नव्हे. बाप आणि पोर एका बाकावर बसले की कोणत्याही हवामानात हेच पीक येतं.

दुसरा आक्षेप रक्ताचा. कबड्डीच्या घरातलं पोर, रांगायच्या आधी पकड शिकलेलं, ते चांगलं खेळणारच. कबूल. मग त्याला वडिलांच्या खुणेची गरज कशाला? महावीर फोगाट यांनी मुलींना घरच्या मातीत घडवलं आणि गीताने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. पण कुस्तीत बाप कितीही शिकवो, चितपट करायला समोरची परकी पोर असते. निकाल ती लावते. कबड्डीत समोरच्या संघापर्यंत पोचायच्या आधी आपल्याच बाकावरून उठावं लागतं, आणि ते उठवणं बापाच्या हातात. नातलगाने कसं वागावं याचा दाखला हवा तर क्रिकेटपटू माधव मंत्री आहेत. भाचा सुनील गावसकर लहानपणी मामाचा भारतीय संघाचा स्वेटर मागत असे. मामांनी दिला नाही, हा स्वतः कमवायचा असतो म्हणाले. पेणच्या गणपती कारखान्यांतही हे शहाणपण मुरलेलं आहे. मालकाचा मुलगा साच्यात माती दाबेल, हात-पाय घासेल, पण हात बसेपर्यंत त्याला डोळ्यांच्या आखणीला कोणी बसवत नाही. एक तिरकी रेघ गेली की गिऱ्हाईक परत जातं. किशोर संघाला गिऱ्हाईक नसतं, हीच तर सोय.

हौसेचा खेळ आहे, एवढं मनाला काय लावून घ्यायचं, असंही कोणी म्हणेल. पण राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या कागदाला मोल आहे: परीक्षेत वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा. कोपऱ्यातल्या पोराच्या चार चढायांचा हिशेब पुढे कुठे जाऊन लागतो ते बापांना पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच तर ते एवढं मनाला लावून घेतात. या सगळ्या व्यवस्थेत एकच निःपक्षपाती पदाधिकारी आहे, तो म्हणजे वजनकाटा. किशोर गटाला वजनाची मर्यादा असते. काटा 200 ग्रॅम जास्त दाखवू लागला की सरांच्या चिरंजीवांनाही उपाशीपोटी मैदानाला फेऱ्या माराव्या लागतात. काट्याला पोरबाळ नसतं.

तेव्हा उपाय फार साधा. शिकवायचं बापांनीच. फक्त निवडीच्या दिवशी पेणची पोरं रोह्याच्या प्रशिक्षकांनी निवडावी, रोह्याची पेणच्या, आणि गुणांच्या शेजारी चढायांचाही आकडा लिहावा. यावर दोन्हीकडून एकाच दमात ओरड होईल: पेणवाल्यांना आमची पोरं काय माहीत? रोहेकर आमच्या पोरांना ओळखतात तरी का?

ओळखत नाहीत. म्हणून तर बोलवायचं.