साडेतीन शहाणे आणि मी

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
आमची पतसंस्था, रत्नागिरी.
(नाव लिहीत नाही. ठेवीदारही वर्तमानपत्र वाचतात.)



गेल्या सभेत संगणक विभागातली रिकामी जागा न भरण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला, याबद्दल अभिनंदन. त्याच सभेत दारातल्या पायरीला कडप्पा लावावा की ग्रॅनाइट, यावर पाऊण तास चर्चा झाली. या जागेला चार मिनिटं पुरली. "सर्व्हर तीन, तेही कधी बंद पडत नाहीत, मग दोन माणसं कशाला?" हा प्रश्न बिनतोडच. सर्व्हर चालू असला की माणूस बसून खातो, बंद पडला की माणूस बिनकामाचा. दोन्हीकडून जागा वाचते.

आपल्यापैकी तिघांच्या हापूसच्या बागा आहेत. मोसमात राखणीला गुरखे ठेवता. यंदा चोरी झाली नाही म्हणून पुढच्या वर्षी गुरखा कमी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दोघांच्या बोटी मिरकरवाड्याला लागतात. तांडेल तापाने फणफणला तर खलाशी आहेत म्हणून बोट समुद्रात सोडत नाही, आधी दुसरा तांडेल शोधता. तिथे हिशेब चोख.

माझा हिशेब अडाणी आहे, गोड मानून घ्यावा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस सहा दिवस आठ-आठ तास राबला तर ४८. भागाकार बरोब्बर साडेतीन. पेशवाईतही शहाणे साडेतीनच होते, आणि त्यातले अर्धे म्हणजे नाना फडणवीस, कारण ते तलवार चालवत नसत. रजा, आजारपण, पाहुणे धरले तर आकडा चाराच्या वर जातो. घाबरू नका, चोवीस तास खुर्चीत माणूस बसवा असं मी म्हणत नाही. ती चैन मोठ्या बँकांची. मागणी दोनाचीच होती: सगळ्या किल्ल्या ठाऊक असलेली दोन माणसं, म्हणजे एकाने झोपावं.

आता 'सर्व्हर तीन'चं. यंत्रं मोजून माणसं ठरत नाहीत. एका साच्याचे पन्नास असते तर एकट्याने हसत सांभाळले असते. आपले तिघे तीन घराण्यांचे. एकावर अजून विंडोज सर्व्हर २०१२ आहे, ज्याचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्येच सोडला. दुसऱ्याचा विक्रेता फोन उचलत नाही. तिसऱ्याचा पासवर्ड गेल्या वर्षी सोडून गेलेल्या सहकाऱ्याला नीट आठवतो. मी त्याला गणपतीला मोदक पाठवतो.

आता सुट्टीचं. शनिवारी, ११ ऑगस्ट २०१८ ला, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. तो दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी हाँगकाँगला आणखी रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. चोरांनी सुट्टीचं कॅलेंडर पाहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. आपण मात्र पाहत नाही. ती बँक मोठी म्हणाल, तर ३१ जुलै २०२४ आठवा: लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांनी हल्ला केला, देशातलं पेमेंटचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने तिची जोडणी तोडली आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. आपल्याएवढ्याच.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे की असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा. लक्षात कोणाच्या यायचा, हे आदेशात नाही. माझ्या यायचा तर मी कुठे असेन? मुंबईहून येताना कोकण रेल्वे करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरते, तेव्हा फोनची रेंज जाते. तेवढा वेळ संस्था देवाच्या भरवशावर असते. आजवर देवाने निभावलंय.

गेल्या गौरीविसर्जनाची गोष्ट सांगतो, कारण इतिवृत्तात ती येणार नाही. घरात आरती चालू, हातात टाळ. फोन आला की पासबुक छापत नाही. 'घालीन लोटांगण' संपेपर्यंत थांबलो, मग पाटावरचं नैवेद्याचं पान बाजूला सारून लॅपटॉप उघडला. बॅकअपची डिस्क भरली होती. दहा मिनिटांचं काम. पण ते दहा मिनिटांचं आहे हे कळायला पाच वर्षं लागली, आणि ती पाच वर्षं संस्थेत एकाच डोक्यात आहेत. त्या डोक्याला परवा रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाले, झोपा.

म्हणून माझी एक नम्र सूचना: एक तरी कशाला? शून्य ठेवा. पगार वाचेल, भविष्य निर्वाह निधी वाचेल, आणि व्यवहार अडले की ठेवीदारांना नवी पायरी दाखवता येईल.

आपला नम्र,
संगणक विभाग (संपूर्ण)

ता. क. पत्र लिहिताना सर्व्हर रूमचा एसी गळायला लागला. खाली बादली लावली आहे, तासाला एक भरते. चतुर्थीच्या तीन दिवसांची रजा मागितली आहे. बादलीचं कोणाला तरी सांगून ठेवावं.