आलं… आलं… गेलं!

(रंगमंचावर एक लाकडी खुर्ची, तिच्यासमोर स्टूल. खुर्चीत पंचेचाळिशीचा गृहस्थ, उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, स्टुलावर ठेवलेला. शेजारी रिकामी बाज, ती आईची. टीव्ही प्रेक्षकांच्या डोक्यावर आहे असं समजायचं. तो एकटक तिकडे पाहतोय. मग प्रेक्षकांकडे लक्ष जातं.)

अरे, आलात? बसा, बसा. मी उठलो असतो, पण… (पायाकडे हात दाखवत) हे आधी सांगून टाकतो, नाहीतर मध्यंतरात वडा खाताना तुम्हीच काहीतरी ठरवाल. हा पाय टीव्हीमुळे मोडला. टीव्ही अंगावर पडला नाही. मी टीव्हीसाठी पडलो.

दोन दिवसांकरता गावी आलो होतो. कऱ्हाडजवळ आमचं गाव. पिशवी खाली ठेवली नाही तोवर आई म्हणाली, "चित्र फुटतंया. छत्री बघ जरा."

आता आमच्या पत्र्यावर छत्र्या दोन. एक दरमहा रिचार्ज मारायची. २०१९ साली प्रत्येक चॅनेलचे वेगळे पैसे, असा नियम आला. मी आईला यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "भाजीवाली कोथिंबीर फुकट देती, आन् ह्ये लोक भांडणं बघायचं पैसं मागत्यात?" त्या दिवसापासून त्या छत्रीत सांडगे वाळतात. चांगले वाळतात. खोलगट असल्यामुळे उडत नाहीत.

दुसरी छत्री दूरदर्शनच्या फ्री डिशची. डबा एकदा विकत घ्यायचा, छत्री एकदा बसवायची, नंतर जन्मभर कुणाला पैसा द्यायचा नाही. डिसेंबर २००४ मध्ये हे निघालं, तेव्हा त्याचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. गावात कुणी ते नाव घेतलं नाही. "फुकटची छत्री" म्हणाले. पुढे सरकारनंच नाव बदलून फ्री डिश केलं. म्हणजे गावाचंच ऐकलं.

ही छत्री आमच्याकडे आग्नेयेला तोंड करून लागते. वास्तुशास्त्रात ती चुलीची दिशा. आमचा उपग्रह तिथंच नेमका, जमिनीपासून ३६,००० किलोमीटरवर. मी पत्र्यावर छत्री धरून. दारात दूधवाला तात्या, निरोप्या. आत आई.

(हात वर करून छत्री फिरवल्याचा अभिनय)

"आलं का?"
"न्हाई!"
"आता?"
"मुंग्या!"
"आता?"
"आलं! आलं, आलं, आलं! हात काढू नगंस!"
"म्हणजे?"
"पिक्चर सपस्तवर तसाच हुबा ऱ्हा!"

अहो, अडीच तास? मी नुसतं वळून विचारायला गेलो आणि पाय सटकला. खाली येता येता आईची किंकाळी ऐकली, "गेलं!" डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. शेवटी आई ती आई. नंतर कळलं, चित्र गेलं होतं.

३६,००० किलोमीटरवरून चित्र सुखरूप घरात येतं. मी आठ फुटांवरून येत होतो. तेवढं काही जमलं नाही.

डॉक्टर म्हणाले, पहिला आठवडा पाय खाली टेकवायचा नाही. म्हणून हा आठवडा. ही खुर्ची. ही बाज. आणि (वर पाहत) तो.

सोमवार. मला वाटलं, ज्याचा पाय त्याचा रिमोट. साधा न्याय आहे. पण आमचा रिमोट तुम्ही बघायला हवा. (खिशातून काढावा तसा हात) दुकानातून आला तेव्हाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तो अजून आहे, त्यावर रबर. सेलचं झाकण २०१६ सालीच कुठेतरी गेलं. तिथं चिकटपट्टी. आकडे पुसलेत. फक्त दोन बटणांवर आईनं टिकल्या लावल्यात. लाल टिकली म्हणजे आवाज. हिरवी टिकली म्हणजे पिक्चर. बाकीची बटणं विधवा आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही.

तर हिरवी टिकली दाबली, आणि 'अशी ही बनवाबनवी'. अर्ध्यातून. १९८८ चा पिक्चर. अशोक सराफ, सचिन, लक्ष्या, सिद्धार्थ रे. मी हा किती वेळा पाहिलाय? मोजणं सोडलंय. अंघोळीला जाताना लक्ष्या लुगड्यात, येताना लक्ष्या लुगड्यात. पण मला एक सांगा, खरं सांगा… (प्रेक्षकांत बोट फिरवत) टीव्हीवर 'बनवाबनवी' पहिल्या नावापासून पाहिलेले किती? हात वर करा. … दोन. त्यातले एक काका डोकं खाजवतायत.

बरं, 'पिंजरा'? शांतारामबापूंचा, १९७२ चा. डॉक्टर लागू, संध्या, निळू फुले. सुरुवातीपासून? … बघा! कुणी नाही. मराठी माणूस जन्माला येतो तोच मध्यंतराच्या अलीकडे. आपण टीव्ही लावतो तेव्हा मास्तरांचं पाऊल आधीच घसरलेलं असतं. ते सरळ चालत होते तेव्हा कसे दिसायचे, मी पाहिलेलंच नाही!

आईला म्हटलं, "एकदा सुरुवातीपासून बघू या ना."
"सुरवातीला काय, नुसती नावं येत्यात. मी समद्यास्नी वळखते."

मंगळवार. ब्रेक. नियम असा आहे म्हणतात की तासाला बारा मिनिटं जाहिराती. तो तास कुणाच्या घड्याळातला, देव जाणे. पण आईची तक्रार नाही. आईचं सगळं घर ब्रेकवर चालतं. एका ब्रेकात चार भाकरी. अर्ध्या ब्रेकात पिठलं. धुणं म्हणजे दोन ब्रेक आणि मधला हाणामारीचा सीन. शेजारच्या थोरल्या काकूंनी विचारलं, "मटण शिजायला किती येळ लागला गं?" आई म्हणाली, "गावठी हुतं. आख्खा 'थरथराट' पिक्चर लागला."

आणि जाहिराती तरी कसल्या? सळ्या. सिमेंट. गुडघेदुखीचं तेल. एक बाई जिना चढताना कण्हते, तेल लावते, आणि पळत जिना चढते. सात वेळा पाहिलं मी ते, पाय स्टुलावर ठेवून. आठव्या वेळी आई तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे आली. प्लास्टरवरनं चोळत होती!

बुधवार. 'संत तुकाराम'. प्रभातचा, १९३६ चा. माझ्या आईपेक्षा वयानं मोठा. १९३७ साली व्हेनिसला गाजून आलेला. विष्णुपंत पागनीस दिसले की आई पदर सारखा करते. पण तिचा सगळा जीव जिजाईत. तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला निघाले. मी हात जोडले. आई म्हणाली, "त्यो चालला गरुडावर. हिनं पोरांस्नी घालायचं काय?"

मी काय सांगणार! तेवढ्यात ब्रेक. गरुड तसाच, पंख पसरून, हवेत थांबला. खाली सळ्यांची जाहिरात. सात मिनिटं तुकोबा ना देहूत ना वैकुंठात. आई तेवढ्यात भाकरी थापून आली, बसली, आणि मग गरुडाला जायची परवानगी मिळाली.

गुरुवार. पाऊस. चित्राचे चौकोन चौकोन. अलका कुबल यांचा एक डोळा इथं, एक डोळा तिथं, तरी दोन्हीतनं पाणी. आई त्याही परिस्थितीत रडली. पुढे.

शुक्रवारी मी बंड केलं. काही सुचेना म्हणून आईच्या झोपेवर नजर ठेवली. दुपारी अडीचला आई बाजेवर आडवी होते. रिमोट छातीवर, त्यावर हात. घोरणं सुरू. मी खुर्ची इंचाइंचानं सरकवली. (खुर्ची सरकवतो, पाय सांभाळत) हात लांब केला… बोट रबराला लागलं…

(आईच्या आवाजात, डोळे मिटून) "बघतीया मी."

अहो, घोरत होती! घोरता घोरता बोलली! हे शास्त्राला आव्हान आहे. तुमच्याही घरी आहे ना हे? ज्यांनी हसून घेतलं ते सगळे रात्री रिमोट काढायचा प्रयत्न करणारे.

मी वैतागून म्हटलं, "तेच ते, तेच ते काय बघतेस?" तर थोरल्या काकू मधे पडल्या. म्हणाल्या, "आमच्या मालकांनी 'सांगत्ये ऐका' पुण्याला सतरा डाव बघितला." खोटं नसणार. १९५९ चा पिक्चर, अनंत माने यांचा, पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! एवढी माणसं पुण्यात तेव्हा नव्हतीच. तीच ती माणसं पुन्हा पुन्हा जात होती. तिकीट काढून! म्हणजे रिपीट हा टीव्हीचा शोध नाही. टीव्हीनं फक्त तिकीट माफ केलं.

शनिवार. लहानपणी शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनला मराठी पिक्चर. गावात टीव्ही एकच. पुढे पोरं, मागं बायका, खिडकीत पुरुष. ऐन वेळी पडद्यावर 'रुकावट के लिए खेद है'. आम्हाला हिंदी येत नव्हतं. आम्हाला वाटायचं रुकावट हे टीव्हीवरच्या निवेदिकाबाईंचं आडनाव. १९८७ ला 'रामायण' आलं तेव्हा आईनं त्या टीव्हीला हळदकुंकू वाहिलं होतं. मग मार्च २०२०. सगळं बंद, आणि दूरदर्शननं तेच 'रामायण' पुन्हा लावलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. आई आता स्वतःच्या टीव्हीसमोर, एकटी. मी पुण्यात अडकलेलो. फोनवर म्हणाली, "ती समदी हाईत तशीच हाईत रं. म्हातारं आमीच झालो."

(क्षणभर गप्प. मग पाय खाजवण्यासाठी खुर्चीखालून विणकामाची सुई काढतो, प्लास्टरमध्ये घालतो. समाधान.)

रविवार! खाली पट्टी आली: सायंकाळी सात वाजता, 'पिंजरा'. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. पावणेसातपासून तयार. शेंगा भाजलेल्या. काकू आल्या, तात्या आले, तात्यांची सून, दोन म्हाताऱ्या ज्यांना मी ओळखत नाही पण त्यांनी माझे गालगुच्चे घेतले. सात वाजले. पडदा काळा. पहिलं नाव आलं…

(अंधार. रंगमंचावर पूर्ण काळोख. फक्त आवाज.)

लाईट गेली.

(अंधारात) कुणी हळहळलंसुद्धा नाही! आई म्हणाली, "गेली तर गेली. शेंगा घ्या. मी सांगते." आणि सुरू झाली.

"मास्तर गावात येतो. तमाशा बंद करायचा म्हणतो, आन् तितंच जाऊन बसतो."
"पुरुषाची जात," काकू.
"मंग एक खून हुतो. गावाला वाटतं, मास्तरच मेला. पुतळा उभारत्यात."

बरोबर आहे. अगदी बरोबर. मी म्हटलं, "मग?"

"मंग मास्तर पुण्याला जातो."

"पुण्याला?"

"खोली बघाया. एकट्या बाप्याला खोली देतंय कोण? मंग लुगडं नेसतो. लीलाबाई काळभोरांच्यात ऱ्हातो, वरल्या मजल्यावर."

(काडी पेटल्याचा आवाज. मेणबत्तीच्या उजेडात फक्त त्याचा चेहरा.)

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिक्चर लागतात दुपारी. पुतळा उभा राहतो अडीचला. अडीचला ब्रेक. ब्रेकात आई आडवी. डोळा उघडतो तेव्हा दुसरा पिक्चर, 'बनवाबनवी', निम्मा झालेला असतो! गेली कित्येक वर्षं ती दोन अर्धे पिक्चर टाका घालून जोडतेय. आणि बाकीच्या? बाकीच्या माना डोलावतायत! त्याही इथंच झोपतात, रांगेनं!

मी म्हटलं, "आई, मास्तर पुण्याला जात नाही. मास्तरला पकडतात. मास्तरच्याच खुनाबद्दल. स्वतःच्याच खुनासाठी त्याला फाशी होते."

घरात शांतता. शेंगा फोडायचा आवाज बंद. काकूंनी आईला हळूच विचारलं, "ह्याचा पायच मोडलाय न्हवं?"

आई म्हणाली, "पुण्याच्या टीव्हीत हुईत आसंल फाशी. आपल्यात न्हाई हूत."

(दिवे लागतात. तो डोळे मिचकावतो, वर टीव्हीकडे पाहतो.)

नऊला लाईट आली. माणसं केव्हाच पांगली होती. पडद्यावर कोर्ट. मास्तर पिंजऱ्यात उभे, डॉक्टर लागूंचा तो चेहरा… आई बाजेवर. घोरत होती. मी खुर्ची सरकवली. (सरकवतो) हात लांब केला. म्हटलं, निदान आवाज तरी कमी करू, जागी झाली तर उगाच बघायला नको. बोट लाल टिकलीवर ठेवलं…

(आईच्या आवाजात, डोळे मिटलेले) "बघतीया मी."

"काय बघतीयास?"

"गप की. मास्तर लुगडं नेसाय लागलाय."

(तो हळूच हात मागं घेतो, पाय स्टुलावर ठेवतो, एक शेंग फोडतो. काळोख.)